जुन्या रेकॉर्डी पुन्हा काढा : अहिल्यानगर जिल्ह्यातील रेकॉर्ड संग्राहकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. संचालक, सांस्कृतिक कार्य संचालनालय, महाराष्ट्र राज्य
मा. ग्रंथालय संचालक, महाराष्ट्र राज्य
मा. जिल्हाधिकारी, अहिल्यानगर
आणि जुन्या मराठी ध्वनिमुद्रणांचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्या सर्व कंपन्या

विषय : लावणी, पोवाडा, कीर्तन आणि जुन्या मराठी चित्रपटगीतांच्या तबकड्यांचे नीट पुनर्मुद्रण व्हावे, आणि हक्कधारकांना ते करायचे नसेल तर इतरांची वाट मोकळी व्हावी, याबाबत.

महोदय,

आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यात जुन्या रेकॉर्डी जमवणारी माणसे आहोत. आमच्यात शिक्षक आहेत, एस.टी.तून निवृत्त झालेले आहेत, पेटीवाले आहेत, मंडपवाले आहेत, आणि आजोबांचा चावीचा ग्रामोफोन माळ्यावर सापडला म्हणून या नादाला लागलेली मुलेही आहेत. कुणाकडे नाट्यसंगीत आहे, कुणाकडे बैठकीच्या लावण्या, कुणाकडे नुसते पोवाडे. तरुणांपैकी काहींना अमेरिकेतल्या सोल संगीताचा छंद आहे. ऑटिस रेडिंग, अरीथा फ्रँकलिन, मार्व्हिन गे यांच्या साठ-सत्तरच्या दशकांतल्या एलपी आता नव्याने छापून येतात, त्या हे लोक पुण्या-मुंबईहून मागवतात. या मागणीपत्राचे मूळ त्या एलपींत आहे. मार्व्हिन गेच्या कव्हरवर बासगिटार कुणी वाजवली इथपर्यंत सगळे छापलेले असते. आमच्याकडच्या ७८ फेऱ्यांच्या लावणीच्या तबकडीवर गाणारणीचे नाव अर्धे पुसलेले असते, आणि ढोलकीवाल्याचे नाव मुळात छापलेलेच नसते. परक्या मुलखातला साथीदार आम्हाला नावाने माहीत, आणि शेजारच्या तालुक्यातला नाही, हे आम्हाला खुपले.

नगरला रेकॉर्डी कशा आल्या ते आधी सांगायला हवे, नाहीतर आम्ही काय मागतो आहोत ते कळणार नाही. भिंगार कॅम्पातल्या साहेबांच्या बंगल्यांतून बँडच्या आणि नाचाच्या इंग्रजी रेकॉर्डी बाजारात उतरल्या. वकील, डॉक्टर, सावकार यांच्या दिवाणखान्यांत नाटकाची पदे वाजली. त्या रेकॉर्डी कागदी पाकिटांत, पेटीत, मुलांचा हात लागणार नाही अशा राहिल्या, म्हणून आजही बऱ्या आहेत. पण जिल्ह्यातला मोठा साठा दिवाणखान्यात कधीच नव्हता. तो लाऊडस्पीकरवाल्यांच्या पत्र्याच्या पेट्यांत होता. लग्न, वरात, गावची जत्रा, साखर कारखान्याच्या गळिताची पहिली मोळी, सगळीकडे कर्णा झाडाला बांधायचा आणि सकाळपासून रेकॉर्डी लावायच्या. पोलादी पिन एका बाजूला एकदाच वापरावी असे तेव्हा पिनांच्या डबीवरच लिहिलेले असे. पिन विकत आणावी लागे आणि लग्न ठरलेल्या पैशांत वाजवायचे असे, तेव्हा एका पिनेवर अख्खी वरात जाई. लोकांनी सर्वांत जास्त ऐकलेली गाणी आज सर्वांत जास्त घासलेली आहेत, याचे कारण हे. १९८० नंतर कॅसेट घरोघरी आली आणि त्या पेट्या किलोवर भंगारात गेल्या. पत्र्याखाली राहिलेल्या एलपी उन्हाने वाकल्या. लाखेच्या रेकॉर्डी वाकल्या नाहीत, फुटल्या.

परिणाम असा की, एकाच लावणीच्या चार प्रती चार गावांत आहेत. एकीचा आरंभ घासलेला, दुसरीला मधे चरा, तिसरीची कड उडालेली, चौथी शाबूत पण तिच्यावरचा कागद गेलेला. या चारही प्रती एका टेबलावर आल्या तर त्यांतून एक चांगले ध्वनिमुद्रण उभे राहते. एकट्यादुकट्या संग्राहकाच्या हातचे हे काम नाही, आणि कंपनीच्या गोदामातूनही ते होईलच असे नाही. म्हणून आम्ही एकत्र येऊन लिहीत आहोत.

आता हे लिहिण्याची वेळ का आली तेही सांगतो. फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात १९०२ साली यंत्र घेऊन उतरला, तेव्हापासून या देशातले गाणे तबकडीवर उतरू लागले. सुरुवातीला मुद्रण इथे होई आणि तबकड्या जर्मनीत हानोव्हरला छापल्या जात. तिथल्या कारागिराला कुठला साचा कुणाचा हे कळावे म्हणून गाणारी व्यक्ती शेवटी आपले नाव मोठ्याने सांगे. गोहरजानचे ते नाव सांगणे आजही ऐकू येते. १९०८ साली कलकत्त्यातच सियालदहला कारखाना निघाला, मग डमडमला मोठा कारखाना आला, आणि मुंबईत यंग इंडियासारखे देशी लेबलही उभे राहिले. पुढे कॅसेट आणि सीडीच्या रेट्यात आपल्याकडचे एलपीचे छापकाम थांबले. आता ते पुन्हा सुरू झाले आहे. २०२४ साली मुंबईत नवा कारखाना चालू झाला. अमेरिकेत २०२२ साली विकल्या गेलेल्या एलपींची संख्या सीडींपेक्षा जास्त भरली. असे १९८७ नंतर पहिल्यांदाच घडले. छापणारी यंत्रे दाराशी आली आहेत. त्यांवर काय छापायचे हा प्रश्न याच काही वर्षांत ठरेल, आणि आज दुकानांतले नवे भारतीय छाप पाहिले तर तो कसा ठरतो आहे ते दिसते. हमखास खपणारे हिंदी चित्रपट, चार-दोन मोठे गवई, आणि पुन्हा तेच हिंदी चित्रपट.

आम्हाला त्या हिंदी चित्रपटांबद्दल तक्रार नाही. आमच्याही कपाटात ते आहेत. पण सोलवाल्यांनी काय केले ते पाहा. तिकडेही मोटाऊन, स्टॅक्स, अटलांटिक या बड्या लेबलांचे अल्बम पुन्हा पुन्हा निघतात, ते निघणारच. त्याच्या जोडीला २००३ साली शिकागोत न्यूमेरो ग्रुप नावाची छोटी कंपनी निघाली. तिने पहिला संच काढला तो ओहायोतल्या कोलंबस शहरातल्या कॅपसोल या विझून गेलेल्या लेबलाचा. कोलंबस म्हणजे काही मोटाऊनचे डेट्रॉइट नव्हे. तिथले गायक त्या शहराबाहेर फारसे कुणाला ठाऊक नव्हते. कंपनीने त्या लेबलाच्या मालकाला गाठले, फोटो मिळवले, कोण कुठे गात होता ते विचारून लिहून काढले, आणि ती पुस्तिका गाण्यांसोबत दिली. लोकांनी तो संच विकत घेतला, आणि मग तशा संचांची रांग लागली. जिल्ह्याच्या पातळीवरचे संगीत जगाच्या बाजारात उभे राहते ते असे. संगमनेर किंवा जामखेडच्या बाबतीत हे होऊ शकत नाही असे कुणी म्हणत असेल, तर त्याने आधी कोलंबसचा तो संच ऐकावा.

सोलच्या इतिहासातून आम्ही आणखी दोन गोष्टी घेतल्या आहेत. मोटाऊनच्या गाण्यांना साथ करणारी वादकमंडळी वर्षानुवर्षे बिननावाची होती. १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’च्या कव्हरवर त्यांची नावे आली, तेव्हा लोकांना कळले की आपण इतकी वर्षे कुणाला ऐकत होतो. दुसरी गोष्ट मालकीची. मेंफिसच्या स्टॅक्स कंपनीला १९६८ साली उमगले की आपण केलेल्या करारातल्या एका कलमाने आपल्याच मुद्रणांची मालकी अटलांटिककडे गेली आहे. ज्यांनी ती गाणी केली त्यांच्याकडे त्यांच्या मूळ टेपांचा हक्क उरला नाही. मालकी कागदावर कुणाचीही असो, मूळ टेपा कुठे आहेत आणि कशा आहेत हे जाहीर असायला हवे, हा धडा त्यातून निघतो. २००८ साली हॉलिवूडमध्ये एका बड्या कंपनीच्या साठ्याला आग लागली. त्यात मूळ टेपाही गेल्या, हे जगाला कळायला २०१९ साल उजाडले. किती गेल्या यावर अजून वाद आहे. आमच्या मराठी रेकॉर्डींच्या साच्यांची अवस्था विचारायलाही आजवर कुणी गेलेले नाही.

आता आमच्या जिल्ह्याकडे वळतो. संगमनेरचा अनंत फंदी हा पेशवाईतला शाहीर. अहिल्याबाई होळकरांनी त्याला लावणी सोडून कीर्तनाकडे वळवले असे सांगतात. म्हणजे आज जिल्ह्याला जिचे नाव आहे तिचा आणि आमच्या शाहिराचा संबंध गाण्यावरून आलेला आहे, आणि तोही थोडा रागावल्याचा. त्याचे फटके आजही शाळेपासून कीर्तनापर्यंत ऐकू येतात. नगरजवळच्या अकोळनेरला दासगणू महाराज जन्मले. साईबाबांच्या आरत्यांत त्यांची रचना रोज शिर्डीत गायली जाते. नगरचा शाहू मोडक ख्रिस्ती घरातला मुलगा. १९३२ च्या ‘श्यामसुंदर’मध्ये तो कृष्ण झाला आणि १९४० साली प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये ज्ञानेश्वर. त्या ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी जिथे सांगितली ते नेवासेही याच जिल्ह्यात आहे. त्या चित्रपटाचे संगीत केशवराव भोळ्यांचे. असे योग जुळून आलेले दुसरे जिल्हे फार नसावेत, पण हे एकत्र ऐकायचे म्हटले तर आज एका तबकडीवर, एका पुस्तिकेसह, मिळत नाही.

याच्या उलट एक उदाहरण आमच्या शिवारातलेच आहे. अरणगावजवळच्या मेहेराबादला १९६९ च्या फेब्रुवारीत मेहेरबाबांना समाधी दिली, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे तिथे कोल पोर्टरच्या ‘बिगिन द बिगीन’ची रेकॉर्ड वाजवली गेली. ‘द हू’चा पीट टाऊनशेंड हा बाबांचा भक्त. त्याने १९७० साली बाबांच्या स्मरणार्थ काढलेल्या मर्यादित प्रतींच्या अल्बममध्ये हेच गाणे गायले. १९७२ चा त्याचा ‘हू केम फर्स्ट’ हा बाबांच्याच प्रभावातला अल्बम आजवर अनेकदा नव्याने निघाला आहे. आम्हाला त्याचा आनंदच आहे. आमच्यातल्या काहींकडे तो आहेही. मात्र नगर तालुक्यातल्या एका समाधीशी जोडलेली लंडनची रेकॉर्ड पुन्हा पुन्हा छापली जाते आणि संगमनेरचा फटका एकदाही छापला जात नाही, ही स्थिती आम्ही आपल्यासमोर ठेवतो.

हक्कधारक कंपन्यांकडे आमची सर्वांत पहिली मागणी यादीची आहे. आपल्याकडे असलेल्या ७८, ईपी आणि एलपी अशा सर्व मराठी मुद्रणांची यादी जाहीर करा. प्रत्येक नोंदीत रेकॉर्ड क्रमांक, साचा क्रमांक, गायक, कवी, संगीतकार, वर्ष एवढे असावे. त्यापुढे एक रकाना हवा : मूळ टेप किंवा धातूचा साचा आज आहे की नाही. ‘नाही’ लिहिण्यात कमीपणा मानू नये. जिथे ‘नाही’ असेल तिथे आमच्या घरातली घासलेली प्रत हीच मूळ प्रत ठरते, आणि तेवढे कळले तरी आम्ही ती कापसात ठेवू. ही यादी नसताना पुनर्मुद्रणाची प्रत्येक चर्चा अंधारात चालते. संग्राहक एकमेकांना विचारून, फोटो पाठवून, जुनी सूचीपत्रके चाळून अशी यादी आजही आपापल्या परीने करत आहेत. मुंबईतल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने ‘द रेकॉर्ड न्यूज’ या पत्रातून हे काम कितीतरी पुढे नेले. यंग इंडियाच्या तबकड्या डिजिटल करायला मदत कुणी दिली, तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीने. मुंबईत छापलेल्या रेकॉर्डी वाचवायला पैसे लंडनहून यावेत यावर काय म्हणायचे ते शासनाने ठरवावे.

दुसरी मागणी छाप कसा काढावा याबद्दल आहे, आणि तिच्यावर आम्ही थोडे जास्त बोलणार, कारण इथेच सर्वाधिक नासधूस होते. नव्या एलपीच्या कव्हरवर ‘मूळ टेपवरून’, ‘७८ च्या प्रतीवरून’ की ‘डिजिटल फाइलवरून’ हे स्पष्ट छापा. पूर्वी आलेल्या सीडीची फाइल उचलून तिचीच एलपी काढायची आणि वर सोनेरी अक्षरांत ‘वारसा’ लिहायचे, हा प्रकार थांबवा. ७८ वरून उतरवताना तिच्या रुंद खोबणीला शोभेल अशी जाड सुई वापरा. एलपीची बारीक सुई तळाशी जाऊन नुसती खरखर उकरते. वेग तपासा. जुन्या रेकॉर्डी नावाला ७८ च्या असल्या तरी मुद्रणाच्या वेळी यंत्र दर वेळी त्याच वेगाने फिरत होते असे नाही. वेग सहा टक्के चुकला की स्वर अर्ध्याने सरकतो, काळी चारचा गाणारा पांढरी सहात जाऊन बसतो आणि बाईचा आवाज चिमणीसारखा होतो. पेटी कुठल्या पट्टीत वाजते आहे हे ओळखणारा माणूस टेबलाशी बसवा. असा माणूस प्रत्येक तालुक्यात मिळतो.

खरखर काढण्याच्या यंत्रांबद्दलही सांगितले पाहिजे. तमाशातल्या झांजेचा आणि तुणतुण्याचा आवाज जिथे असतो तिथेच जुन्या रेकॉर्डीची सळसळही असते. सळसळ पुसली की झांज जाते, आणि झांज गेलेली लावणी म्हणजे मीठ न घातलेली आमटी. थोडी खरखर राहू द्या, आम्हाला चालते. १९९० च्या सुमारास जुन्या गाण्यांवर ‘झंकार’ म्हणून मागाहून ताल चिकटवण्याची लाट आली होती. तसले काही ढोलकीवर चढवायचे असेल तर आमची एकही प्रत मिळणार नाही. नकली स्टिरिओ नको. एका कर्ण्यातून आलेले गाणे एकाच जागेतून येऊ द्या.

पोवाड्याच्या बाबतीत एलपी हे सजावटीचे माध्यम राहत नाही, ती गरज आहे. दहा इंची ७८ वर एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटे मावत. पिराजीराव सरनाईकांसारख्या शाहिरांचा पोवाडा त्यामुळे तुकड्यांत कापला गेला. ऐन रंगात रेकॉर्ड उलटायची, पुढच्या तुकड्यासाठी दुसरी लावायची, आणि त्यातली एखादी हरवलेली असायची. तीन रेकॉर्डींच्या सहा बाजू मिळून वीस मिनिटांच्या आत-बाहेर भरतात, म्हणजे एलपीच्या एका बाजूवर अख्खा पोवाडा सलग ऐकता येतो. शाहिराने तो जसा मनात धरला होता तसा तो तबकडीवरून आजवर कुणी ऐकलेला नाही.

नावांची मागणी मात्र पैशांनी सुटणारी नाही, ती वेळेची आहे. जुन्या लेबलांवर घरंदाज समजल्या जाणाऱ्या गायिकांच्या नावापुढे ‘अमॅच्युअर’ छापत, म्हणजे ही बाई पैशांसाठी गात नाही हे गिऱ्हाइकाला कळावे. तमाशातल्या बाईला ते बिरूद नव्हते. तिचे नुसते पहिले नाव आणि फार तर गाव. ढोलकी, कडे, तुणतुणे, मागचे सुरत्ये, पोवाड्यातले झिलकरी यांची तर नोंदच नाही. एखादा ढोलकीवाला हाताच्या थापेवरून ओळखणारी माणसे अजून आहेत, पण थोडी आहेत. संगमनेरच्या कांताबाई सातारकर मे २०२१ मध्ये करोनात गेल्या. सगळे आयुष्य फडावर काढलेल्या त्यांच्यासारख्या बाईला किती आवाज कानाने ओळखता आले असते, हे आता विचारता येणार नाही. म्हणून आमचे म्हणणे असे की, छापकाम मागाहून होवो, नावे गोळा करण्याचे काम याच वर्षी सुरू व्हावे. जामखेडच्या कला केंद्रांत, संगमनेर परिसरातल्या फडांत आणि जिल्ह्याच्या वेशीवर नारायणगावला तमाशाच्या राहुट्या लागतात तेव्हा तिथे, जुन्या मंडळींसमोर या रेकॉर्डी वाजवाव्यात आणि ते जे सांगतील ते लिहून, मुद्रित करून ठेवावे. सांगणाऱ्याला मानधन द्यावे. मूळ लेबलावर जे छापले होते ते पुसू नये, जात लिहिलेली असेल तर तीही. पुस्तिकेत तिचा संदर्भ द्यावा आणि माणसाचे पूर्ण नाव द्यावे.

कायद्याबद्दल आम्हाला सांगितले जाते की, इच्छा असली तरी हक्कांचा गुंता फार आहे. गुंता आहे, पण सांगतात तेवढा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम २७ प्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यावर पुढच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९६४ अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेल्या मुद्रणांची मुदत २०२४ बरोबर संपली. ७८ च्या जमान्यातले जवळपास सगळे लोकसंगीत त्यात येते. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा. तो कवीच्या आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. फंदीच्या शब्दांना कुणाची परवानगी लागत नाही. दासगणू महाराज १९६२ साली गेले, त्यांचे शब्द १ जानेवारी २०२३ पासून सर्वांचे झाले. पण १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’मधल्या गदिमांच्या लावणीचे घ्या. मुद्रणाची मुदत संपली, तरी गदिमा १९७७ साली गेले असल्याने त्यांच्या शब्दांचा हक्क २०३७ अखेरपर्यंत जिवंत आहे. तिथे परवानगी घ्यावीच लागेल आणि पैसे द्यावेच लागतील, आणि ते द्यायला आमची हरकत नाही. आम्ही फुकट मागत नाही आहोत, हे कंपन्यांनी ध्यानात घ्यावे.

म्हणून कंपन्यांना आमचे सांगणे सरळ आहे. मुदतीत असलेले जे मुद्रण तुम्ही स्वतः काढणार आहात ते सांगा आणि काढा. जे काढणार नाही त्याचा परवाना वाजवी दरात, छोट्या छापासाठी, लेखी द्या. कारखाने काही शे प्रतींच्या खाली काम घेत नाहीत, पण काही शे प्रतींसाठी लाखाच्या घरातला परवाना मागणे म्हणजे नाही म्हणण्याचीच रीत झाली. मागून, विचारून, थांबूनही उत्तर येत नसेल तर कायद्यात कलम ३१ आहे, लोकांपासून अडवून ठेवलेल्या कृतीसाठी. आणि ज्यांच्या मालकाचा थांगपत्ताच लागत नाही त्यांच्यासाठी कलम ३१-ए आहे. त्या वाटेने न्यायालयात जाण्याची आम्हाला हौस नाही. रेकॉर्डी जमवणारा माणूस तारखा जमवायला बसला की रेकॉर्डींकडे दुर्लक्ष होते.

मुदत संपलेल्या मुद्रणांवर कंपनीला काही देणे लागत नाही. तरीही त्यांच्या विक्रीतला वाटा कलावंताच्या घरी जावा असे आमचे मत आहे. लोककलावंतांना त्या काळी सर्रास एकरकमी बिदागी मिळे आणि पुढच्या खपाशी त्यांचा संबंध संपे. कायदा गप्प आहे म्हणून आपणही गप्प बसावे असे नाही. सांस्कृतिक कार्य संचालनालयाने अशा छापांना अनुदान द्यावे आणि त्याची अट म्हणून हा वाटा लिहून घ्यावा. राज्य शासन विठाबाई नारायणगावकरांच्या नावे तमाशा कलावंताला जीवनगौरव देते, कांताबाईंनाही तो मिळाला. पुरस्कार घेणाऱ्याचा फोटो छापला जातो. त्यांचा आवाज छापला तर तो फोटोपेक्षा जास्त दिवस टिकेल आणि घरी चार पैसेही येतील.

शासनाकडच्या बाकी मागण्या थोडक्यात सांगता येतील, कारण त्यांना विचारापेक्षा सही जास्त लागते. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्याने प्रत्येक पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करावी लागते. रेकॉर्ड, कॅसेट, सीडी कुठेच जमा होत नाही. हा विषय केंद्राचा, पण राज्याने तशी शिफारस करावी. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला. त्यानिमित्त जे काम होईल त्यात भाषा म्हणजे केवळ कागद असे धरू नये. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा आहे, तेव्हा लाऊडस्पीकरवाल्यांचा धंदा जोरात होता. त्याखालच्या अनुदानातून ध्वनिमुद्रिका घेण्याला आणि सांभाळण्याला आता स्पष्ट मान्यता द्यावी.

जिल्हाधिकारी महोदयांकडे आम्ही एक खोली मागतो. अहमदनगर जिल्हा वाचनालय १८३८ पासून चालू आहे, राज्यातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी ते एक. तिथे किंवा शहरातल्या ऐतिहासिक वस्तू संग्रहालयात, संस्थांची संमती असेल तिथे, ओल आणि ऊन न लागणारी एक खोली, रेकॉर्डी उभ्या ठेवायची मांडणी, वेग बदलता येणारे एक चांगले टर्नटेबल, दोन प्रकारच्या सुया, धुण्याचे यंत्र आणि एक संगणक. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, २०१२ च्या दुरुस्तीनंतर, बिनव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्या ताब्यातल्या प्रतीची जतनासाठी डिजिटल नक्कल ठेवता येते. त्यामुळे वाचनालयाकडच्या, मुदतीत असलेल्या रेकॉर्डींच्या बाबतीतही खोलीतले हे काम कायद्यात बसते. पैसा जिल्हा वार्षिक योजनेतल्या ‘नावीन्यपूर्ण योजना’ या शीर्षातून देता येईल. दर वर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्या शीर्षाखाली काय काय खरेदी होते ते आम्हीही वर्तमानपत्रात वाचतो. आकाशवाणीच्या अहिल्यानगर केंद्राच्या साठ्यात काही रेकॉर्डी किंवा स्थानिक कलावंतांच्या टेपा असतील, तर त्यांची यादीही या खोलीशी जोडावी.

या खोलीचा उपयोग आमच्यासारख्या म्हाताऱ्यांपुरता राहणार नाही. जामखेडला आज लावणी शिकणारी मुलगी फोनवर जे सापडेल ते ऐकून शिकते, आणि फोनवर सापडते ते बहुधा चित्रपटातले असते. तिला पन्नास-साठ वर्षांपूर्वीची बैठकीची लावणी, योग्य पट्टीत, कुणाची आहे ते कळेल अशी ऐकायला मिळाली तर ती काय उचलेल हे आम्ही सांगू शकत नाही, पण उचलेल एवढे नक्की.

आमच्या बाजूने आम्ही काय देऊ तेही लिहून देतो. पुनर्मुद्रणासाठी लागणारी आमच्याकडची कुठलीही रेकॉर्ड उतरवून घेण्यासाठी मोफत मिळेल. अट एवढीच की, उतरवलेल्या ध्वनीची एक प्रत वाचनालयाच्या खोलीत राहील आणि पुस्तिकेत रेकॉर्ड कुठल्या गावातून आली ते लिहिले जाईल. लेबलांचे फोटो, साचा क्रमांक, लाऊडस्पीकरवाल्यांच्या वह्यांतल्या नोंदी आम्ही देऊ. रेकॉर्डी मात्र विकणार नाही. मोठ्या शहरांतले व्यापारी हल्ली गाड्या घेऊन खेड्यांत फिरतात आणि पेट्याच्या पेट्या उचलून नेतात. त्यांच्या हाती गेलेली रेकॉर्ड परदेशी गिऱ्हाइकाच्या भिंतीवर जाते आणि जिल्ह्यातून कायमची नाहीशी होते. ज्यांना गरजेपोटी विकावी लागते त्यांच्याकडून वाचनालयाने योग्य भावात घ्यावी, एवढीही तरतूद त्या खोलीच्या अंदाजपत्रकात असावी.

पुढच्या जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीआधी खोलीबाबत आणि तीन महिन्यांत यादीबाबत लेखी उत्तर मिळावे. न मिळाल्यास, मुदत संपलेल्या मुद्रणांपासून आम्ही आमच्या खर्चाने सुरुवात करू. पहिल्या तबकडीत शाहिरी घ्यायची की लावणी, यावर आमच्यात अजून एकमत झालेले नाही. संगमनेरवाले आणि जामखेडवाले दोघेही अडून बसले आहेत.

सभासदांकडच्या रेकॉर्डींची तालुकावार यादी, प्रत्येकीच्या अवस्थेच्या शेऱ्यासह, सोबत जोडली आहे. तपासणीसाठी त्या नगरला केव्हाही पाहता आणि ऐकता येतील. टपालाने पाठवण्याचा आग्रह कृपया धरू नये, फुटतात.

आपले,
अहिल्यानगर जिल्ह्यातील रेकॉर्ड संग्राहक